एवढ्याशा चिठ्ठीला समास

शाळेतले किस्से कुणी गोळा करत नाही. दिवसभर फळ्यापुढं उभं राहिलं की खडूची पूड जशी आपोआप अंगावर बसते, तसे ते बसतात. घरी येऊन पदर झटकला की दोन-चार खाली पडतात. त्यातले मारझोडीचे किस्से तर विचारूच नका. छडी बंद झाली आणि छडीचे किस्से सुरू झाले!

त्यात माझा स्वभाव संशयी. कुणी हसलं की मी विचारणार, का हसला? गप्प बसलं की विचारणार, काय लपवतोय? नवरा म्हणतो, "तू चुकून बाई झालीस, तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं." मी म्हणते, चौदा वर्षं शाळेत काढून बघ, तूही फौजदार होशील.

आमची शाळा निमगाव केतकीच्या अलीकडे, पाचवी ते दहावी. माझा विषय इतिहास-भूगोल. निरवांगीला आमची पेरूची बाग, तिथूनच मी स्कूटीवर येते-जाते. मागच्या सीटवर आमची ऋतुजा असते. ती सहावीत, आमच्याच शाळेत.

*

जून महिना. अ‍ॅडमिशनची गर्दी. एक तात्या नातवाला घेऊन आले आणि हेडसरांच्या टेबलावर त्यांनी शंभराचा स्टॅम्प पेपर ठेवला.

आमचे हेडसर बारामतीहून रोज येतात. माणूस चांगला, पण घाबरट. स्टॅम्प पेपर बघूनच त्यांना घाम फुटला.

"हे काय आहे, तात्या?"

"वाचा की."

कागद तहसीलसमोर टाइप करून, सहीशिक्क्यानिशी आणलेला. मजकूर असा: 'माझा नातू यास शिक्षकांनी जरुरीप्रमाणे मारण्यास माझी कोणतीही हरकत नाही. हाडे आमची, कातडे शाळेचे. सदर मजकूर मी राजीखुशीने लिहून देत आहे.'

"आवो, पयलं नुसतं तोंडी सांगितलं तरी चालायचं," तात्या म्हणाले. "आता कायदा आलाय म्हनं. म्हनून म्हटलं, कायद्याचं कायद्यानं करू."

हेडसर कागदाला हात लावेनात. तात्यांच्या शर्टाच्या खिशात काहीतरी चौकोनी होतं, त्याच्याकडं त्यांची नजर गेली. मी बाजूला फॉर्म तपासत बसले होते, मला त्यांनी बोटानं खुणावलं. मोबाईल! रेकॉर्डिंग! आणि मग सर एकदम त्या खिशाकडं वाकून मोठ्यांदा बोलायला लागले, "आमच्या शाळेत मुलांना कोणीही मारत नाही! मारणं हा गुन्हा आहे! आम्ही मुलांना प्रेमानं शिकवतो!"

तात्या दचकून मागं सरकले. खिशात हात घालून त्यांनी डबी काढली.

"सर, तंबाखू हाय. पायजे का?"

*

त्याच आठवड्यात हेडसरांनी फतवा काढला. सोमवारपर्यंत सगळ्या छड्या ऑफिसात जमा करायच्या.

मीटिंगमध्ये सगळ्यांनी सांगितलं, "आमच्याकडं छडी नाहीच." पीटीचे काळे सर तर म्हणाले, "छडी म्हणजे काय ते मी विसरलोय." मीही म्हटलं, मी मारतच नाही. ते खरंही होतं. चौदा वर्षांत शाळेत एका पोराच्या अंगाला मी बोट लावलेलं नाही. कुणालाही विचारा.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी मामांनी, म्हणजे आमच्या शिपायांनी, ऑफिस उघडलं. दारात छड्यांचा हा ढीग! पानमळ्यातल्या शेवरीच्या, डाळिंबाच्या, एक तर ठिबकच्या नळीचा तुकडा. मामांनी मोजल्या. सतरा!

आम्ही शिक्षक नऊ. मारत कुणीच नाही. आणि छड्या सतरा!

हेडसर म्हणाले, "मामा, कपाटात कुलूप लावून ठेवा."

"कुलूप कशाला, सर? पळून चालल्यात व्हय?"

"छड्या नाही, पण माणसं आहेत ना," असं म्हणून हेडसरांनी आम्हा नऊ जणांकडं आळीपाळीनं बघितलं.

माझी नकाशा दाखवायची काठीसुद्धा गेली त्यात. मी भांडले. शेवटी काठी परत मिळाली, पण तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली: 'फक्त नकाशासाठी.' मी ती उजनी धरणावर टेकवली की पहिल्या बाकावरची पोरं अजूनही डोकं खाली घेतात.

*

मग आली तक्रार पेटी. पत्र्याची, लाल, व्हरांड्यात ठोकलेली, किल्ली हेडसरांकडं. मुलांनी नाव न घालता लिहायचं, शनिवारी पेटी उघडायची.

पहिल्या शनिवारी तीन चिठ्ठ्या. 'खिचडीत वाटाणे मोजून असतात.' 'मुलींच्या बाथरूमची कडी तुटली आहे.' 'काळे सर आमच्या डब्यातलं लोणचं खातात.' काळे सर म्हणाले, "हे सूडबुद्धीनं लिहिलंय." त्यांच्या बोटाला तेव्हाही मसाला होता.

दुसऱ्या शनिवारी एकच चिठ्ठी निघाली. चौकटीच्या वहीचा कागद, तळहाताएवढा. अक्षर वाकडंतिकडं, डाव्या हातानं काढल्यासारखं.

'मारणं बंद करा. रोज मारतात. नाव सांगणार नाही.'

हेडसर मटकन खुर्चीत बसले. मग काळे सरांनी चिठ्ठी उजेडात धरली आणि म्हणाले, "हे बघितलं का? समास!"

खरंच. एवढ्याशा चिठ्ठीला डाव्या बाजूनं लाल पेनानं, पट्टी लावून समास आखलेला.

"अहो, तक्रार करायची तरी पोरगं आधी समास आखतंय," काळे सर म्हणाले. "म्हणजे समासावरनं मार खाल्लेलं पोर आहे हे. हात थांबतच नाही त्याचा समासाशिवाय."

सगळ्यांच्या माना हळूहळू कोपऱ्यातल्या खुर्चीकडं वळल्या. चौकटीची वही म्हणजे गणित. आणि गणित म्हणजे गायकवाड सर. समास नसेल तर वही खिडकीबाहेर फेकणारे गायकवाड सर! आवाज असा की शेजारच्या वर्गातली पोरंही पाढे म्हणायला लागतात. पूर्वी हातही चालायचा, हे अख्ख्या पंचक्रोशीला माहीत. मेअखेर रिटायर व्हायचे होते. आणि या वेळी तक्रार खरी ठरली तर चौकशी, पेन्शनचे कागद अडकणार, छत्तीस वर्षांच्या नोकरीला शेवटच्या वर्षी डाग.

सर एवढंच म्हणाले, "मी सोडलंय मारणं. सहा वर्षं झाली."

"असेल असेल," आम्ही म्हटलं. पण कसं म्हटलं ते आमचं आम्हाला माहीत.

चौकशी समिती नेमली. अध्यक्ष कोण? मी! संशयी माणसाला याहून मोठा मान कुठला!

*

समिती प्रयोगशाळेत बसली. एकेका मुलाला आत बोलवायचं, गोड बोलायचं आणि विचारायचं, "बाळ, तुला कोण मारतं का?" 'बाळ' हा शब्द आमच्या शाळेत त्या आठवड्यात पहिल्यांदा वापरला गेला. पोरं आणखीच घाबरली.

पाचवीतली एक चिमुरडी आत आली. मी विचारलं. ती म्हणाली, "खरं सांगितलं तर मारनार न्हाय ना?"

सातवीतला एकजण म्हणाला, "गायकवाड सर मारत न्हाईत. नुसते बघत्यात. त्यापरीस मारल्यालं परवडलं!"

एकानं तर मलाच विचारलं, "बाई, कुनाचं नाव घेऊ?"

म्हणजे बघा! पोरंही आमच्याकडं संशयानं बघत होती आणि आम्ही पोरांकडं. चार दिवसांत हाती काही लागलं नाही. पण मला माझा समासाचा धागा सोडवेना. मी वह्या मागवल्या, कोणाचा समास लाल, कोणाचा निळा, पट्टी लावून की नुसत्या हातानं. गणिताच्या वह्यांत बहुतेक लाल निघाले. मी अहवालाच्या कच्च्या कागदावर लिहिलं, 'संशयाला जागा आहे.'

सहावीच्या वर्गातल्या चाळीस जणांना विचारलं. ऋतुजाला तेवढं सोडलं. घरचंच माणूस, तिला काय विचारायचं!

*

याच धामधुमीत नरसिंहपूरचा एक तरुण शाळेत आला. हातात लग्नपत्रिका आणि पेढ्यांचा बॉक्स. गायकवाड सरांचा जुना विद्यार्थी, आता बारामतीच्या एमआयडीसीत सुपरवायझर.

स्टाफरूममध्ये आम्ही सगळे होतो, हेडसरही. त्यानं सरांच्या पायावर डोकं ठेवलं आणि भरल्या आवाजात म्हणाला, "सर, तुमच्या मारानं घडलो मी! काय मारायचा सर तुमी! पायाच्या पोटऱ्यांवर वळ उठायचं. एकदा तर छडी मोडली आन तुमी दुसरी मागवली!"

गायकवाड सर त्याला डोळ्यांनी खुणावतायत. हा बाबा थांबायला तयार नाही!

"आन तो डस्टर! हितं लागला व्हता, बगा." त्यानं भुवईवरची खूण दाखवली. हेडसरांनी खिशातून पेन काढलं. काळे सरांनी पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडं बघितलं, म्हणजे, मॅडम, लिहून घ्या.

मग गायकवाड सरांनी त्याला विचारलं, "कशासाठी मारलं होतं रे मी तुला?"

तो थांबला. आठवायचा प्रयत्न केला. डोकं खाजवलं. मग हसून म्हणाला, "ते काय आठवत न्हाय, सर. मार तेवढा ध्यानात हाय."

सरांच्या हातात पेढा होता. त्यांनी तो परत बॉक्समध्ये ठेवला. तो मुलगा गेल्यावर म्हणाले, "मलाही आठवत नाही हो." एवढंच. त्या दिवशी त्यांनी डबाही उघडला नाही. मला वाटलं, झालं, हा माणूस कबूल होतोय.

*

पालक सभा ठेवली. अजेंडा एकच: मारावं की मारू नये. एरवी सभेला बारा पालक येतात, त्या दिवशी चटया कमी पडल्या.

एक आबा उठले. ऊसवाले, कारखान्याचे सभासद, बोलायची सवय असलेले. "आमाला मास्तरांनी गुरासारखं झोडपलं, म्हनून आमी सरळ झालो. आता छडी बंद झाली आन पोरं शेफारली. छडी चालू करा, आमचा ठराव हाय."

मागच्या बाजूनं त्यांच्याच घरची म्हातारी म्हणाली, "आरं, कुटं सरळ झालास तू?"

अख्खी सभा हसली. आबा खाली बसले.

पानमळ्यातली एक बाई उभी राहिली. पोरगं कडेवर, पदर डोक्यावर. म्हणाली, "शाळंत मारू नगा म्हनता, बरं हाय. पन घरी मारत्यात त्येचं काय? ही मानसं रानातनं आली की पोरावरच राग काढत्यात. त्येला कुठली पेटी हाय का?"

तिचा नवरा पुढंच बसला होता. त्याची मान खाली गेली. पुरुषमंडळी एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "घरचं घरी. ते हितं नगं." आणि विषय तिथंच बुजवला.

वातावरण सावरायला हेडसरांनी मला उभं केलं. मी बोलले, आणि काय बोलले म्हणून सांगू! मूल म्हणजे मातीचा गोळा नाही, त्यालाही मन असतं, धाक असावा तर प्रेमाचा असावा. टाळ्या पडल्या. त्या पानमळ्यातल्या बाईनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुमची लेक नशिबाची, बाई."

त्या सभेनं घरी जायला उशीर झाला. स्वयंपाक पडलेला, नवरा बागेत फवारणीला. पोळ्या लाटता लाटता ऋतुजाची वही बघायला घेतली, तर इतिहासाच्या वहीत समास नाही! माझ्याच विषयाच्या! किती वेळा सांगितलं असेल या पोरीला. घातला एक धपाटा. हातात लाटणं होतं, ते टेकलं असेल फार तर. आईचा धपाटा तो, त्याला काय कोणी मार म्हणतं?

ती रडली नाही. अलीकडं रडत नाही. पट्टी घेतली आणि सगळ्या पानांना समास आखत बसली.

*

समितीला पुरावा मिळाला नाही. माझा फार जीव होता हो त्या 'संशयाला जागा आहे' वर, पण हेडसरांनी तो कागद फाडला. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं. पेटीच्या खाली त्यांनी स्वतःच्या सहीनं नोटीस लावली: 'तक्रारीची सखोल चौकशी करण्यात आली. शाळेत कोणीही कोणाला मारत नाही. तक्रार निकाली.'

गायकवाड सर सुटले, पण सुटल्यासारखे वाटेनात. स्टाफरूममध्ये ते आले की बोलणं थांबायचं. चहाचा कप मामा आधी सगळ्यांना द्यायचे, मग त्यांना. संशय काय नोटीस लावून जातो?

शनिवारी पेटी उघडली. एकच चिठ्ठी. चौकटीचा कागद, तेच वाकडं अक्षर, डाव्या बाजूला लाल समास.

हेडसरांनी मोठ्यानं वाचली.

'मी शाळेतलं म्हटलंच नव्हतं.'

पुन्हा एकदा वाचली. मग काळे सरांनी टेबलावर थाप मारली. "सुटलो! घरचा मॅटर आहे! आपला संबंधच नाही!" हेडसरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि मामांना चहा सांगितला. पहिला कप गायकवाड सरांना. सगळे हसायला लागले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. माझ्या समितीची अब्रू वाचली होती.

हसले नाहीत ते गायकवाड सर. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, चौकशी तर आता करायला पाहिजे. माझी केलीत ती राहू द्या. हे पोर रोज संध्याकाळी घरी जातंय."

मी म्हटलं, "करू की सर. एकेका पालकाला बोलवू. समासावरनं पोराला मारणारा कोण राक्षस आहे ते मी शोधूनच काढते."

त्या दिवशी स्कूटीवर ऋतुजाला सगळं सांगितलं. ती मागं बसून ऐकत होती. "अशी कशी गं माणसं असतात," मी म्हटलं. ती काहीच बोलली नाही. वाऱ्यामुळं ऐकू गेलं नसेल, असं मला वाटलं.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी निमगावचा बाजार, नवरा जाणार होता. मी कणीक मळत होते, हात भरलेले. ओरडून सांगितलं, "ऋतू, बाबांना बाजाराची यादी लिहून दे गं. छोटासाच कागद घे."

तिनं गणिताच्या वहीचा एक कोपरा फाडला. तळहाताएवढा. खाली बसली. दप्तरातनं पट्टी काढली, लाल पेन काढलं, डाव्या बाजूला जपून एक रेघ ओढली. मग माझ्या हाताजवळचं लाटणं उचलून तिनं ओट्याच्या पलीकडच्या टोकाला ठेवलं आणि विचारलं,

"आई, पहिलं काय लिहू?"